उताऱ्यातलं नाव

अहल्याला इंग्रजी येत नव्हतं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिला मी शिकवलं होतं. अठ्ठावन्न साली आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. माझा नवरा रत्नाकर सकाळीच संशोधन संस्थेत जायचा आणि मल्लेश्वरमच्या त्या घरात मला भिंतींशी बोलायची वेळ आली होती. तेवढ्यात ही घरकामाला आली. बंगळूरच्याच शिवाजीनगरची, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच मराठी.

"अक्का, मला स्वल्प इंग्लिश शिकवा की. परीक्षा हाय."

तिचा नवरा टीबीने अंथरुणाला खिळला होता. एका मिशनच्या इस्पितळात मदतनीस बायका हव्या होत्या. नोकरी लागली तर नवऱ्याला तिथे लगेच खाट मिळणार होती. एरवी खाटेसाठी एवढी रांग, की नंबर लागेपर्यंत माणूसच संपायचा. पण तिथे सगळा कारभार इंग्रजीत, म्हणून परीक्षा: व्याकरण, शब्दार्थ आणि मोठ्याने वाचन.

बाई भलती हुशार. माझ्याकडे भाजी निवडता निवडता क्रियापदं पाठ करायची. माझी पुस्तकं विलायती होती, त्यांत टॉम आणि मेरी. मेरीचं मांजर हरवायचं आणि टॉम ते शोधायचा. अहल्या न अडखळता वाचायची आणि वर विचारायची, "या मेरीला घरचं काम नाही काय, अक्का?"

लेखी पेपर तिला छान गेला. वाचनाच्या वेळी मी व्हरांड्यात खिडकीपाशी उभी होते. परीक्षक म्हणजे तिथले मोठे डॉक्टर. इथल्या बायकांना सोपं जावं म्हणून त्यांनी उतारा स्वतः लिहिला होता, टॉम-मेरीला फाटा देऊन. गोष्ट एका कुंभाराची. कुंभाराचं नाव नरसिंह.

अहल्याच्या नवऱ्याचं नावही नरसिंहच.

गावात एक कुंभार राहत होता, इथवर ती स्वच्छ वाचत आली आणि थांबली. "पुढे," डॉक्टर म्हणाले. तिने तेवढा शब्द गाळून पुढचं वाचलं. दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच नाव, पुन्हा गप्प. डॉक्टर भला माणूस. त्यांनी शब्दावर बोट ठेवून एकेक अक्षर फोडून दाखवलं. तिने मान खाली घातली. "हिला साधं नावसुद्धा वाचता येत नाही," असं नर्सला सांगून त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं.

"काय झालं गं तुला?" मी बाहेर तिला विचारलं.

"यजमानांचं नाव होतं, अक्का. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतंय. त्यांच्याकडं आधीच किती उरलंय?"

मी घरात रत्नाकरला नावानेच हाक मारायची. मला संताप आवरेना. "अगं वेडे, खाट मिळाली असती तर आयुष्य वाढलं असतं ना!"

"सरी, बरोबर हाय, अक्का. ते कळतंय मला. जीभच उचलली नाही."

मी तडक डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, वॉर्डात उद्या दोन नरसिंह असतील. कुणाला कुठलं औषध द्यायचं ते ही कसं वाचणार?" पुढची परीक्षा एक वर्षाने होती.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं, शब्द कठीण आले. खरं सांगितलं तर ते म्हणतील घे की नाव, आणि मग घ्यावं लागेल, अशी तिला भीती. तो बिचारा तिची समजूत काढत बसला. संक्रांतीच्या आधीच तो गेला, घरातल्या घरात, खोकून खोकून. मी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला नाही. कुणावर रागवावं तेच कळत नव्हतं.

वर्ष सरलं तसा इस्पितळातून निरोप आला, पुन्हा बसायचं असेल तर बसा. मी शिवाजीनगरला गेले. अहल्या दारात तांदूळ पाखडत होती.

"चल, मी येते बरोबर," मी म्हटलं. "तुला सगळं येतं."

"येतंय की. आता ते नाव पण घेता येतंय. नरसिंह." तिने सूप खाली ठेवलं. "नोकरी लागली तर खाट मिळेल, अक्का. कुणाला झोपवू तिच्यावर?"