बारा वर्षांचा सूर्य

कागदावर भांडण सरळ होतं. साठेक वर्षांपूर्वी एका घड्याळजीने शहराबाहेरच्या टेकडीवर, स्वतःच्या जागेत, छोटीशी वेधशाळा बांधली आणि ती एका धर्मादाय कंपनीच्या नावावर करून दिली. ‘रोज सूर्याचा वेध घ्यावा आणि त्याची नोंद ठेवावी,’ एवढंच त्या कंपनीचं काम तिच्या घटनेत लिहिलेलं होतं. आता कंपनीच्या अध्यक्षांनी ठराव केला की वेधशाळा बारा वर्षं बंद पडून आहे, तिचा काही उपयोग नाही, सबब ती विकावी. विकली कुणाला, तर स्वतःच्या मेहुण्याला. मेहुण्याला तिथे हॉटेल काढायचं होतं. संचालकांपैकी एक निवृत्त शिक्षिका तेवढ्या आडव्या आल्या. धर्मादाय मालमत्ता अशी घरच्या घरी फिरवता येत नाही, म्हणून त्यांनी दावा ठोकला.

सगळं येऊन एका प्रश्नावर अडलं. वेधशाळा खरंच बंद होती का? ते प्रत्यक्ष बघून यायला कोर्टाने एका वकीलबाईंना कमिशनर नेमलं.

वकीलबाईंची पंधरा वर्षं सामाईक भिंती, मोऱ्या आणि भावाभावांच्या वाटण्या यांत गेली होती. नवरा गमतीने म्हणायचा, “तू देवळात गेलीस तरी आधी चतुःसीमा बघशील.” या कामातही काही वेगळं निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बंद इमारत, कोळिष्टकं, मोडक्या खुर्च्या. तासाभरात यादी करून मोकळं व्हायचं.

सकाळी नऊला त्या टेकडीवर पोचल्या तेव्हा मेहुण्याचे वकील आधीच हजर होते. पुढच्या दाराचं कुलूप गंजून गेलं होतं. “बघा बाई,” ते खुशीत म्हणाले, “कुलूपच साक्ष देतंय.”

वकीलबाई इमारतीला वळसा घालून मागे गेल्या. मागचा जिना लख्ख झाडलेला होता. वरचं दार आतून उघडलं आणि एक सत्तरीची बाई डोकावली. “पाय पुसून या हं,” ती म्हणाली. “धूळ भिंगावर बसते.”

ती इथली झाडूवाली. रखवालदाराची बायको म्हणून आली आणि खालच्या खोलीतच राहिली. सगळे तिला मावशी म्हणत. मेहुण्याचे वकील वकीलबाईंच्या कानाशी लागले, “फुकटात राहते. तिच्या राहण्याला वापर म्हणत नाहीत, एवढं नोंदवून घ्या.”

मावशींनी तिकडे लक्षच दिलं नाही. “नऊ वीस झाले,” त्या म्हणाल्या. “तुमचं काय असेल ते नंतर. आधी मला माझं करू दे.”

वरच्या गोल खोलीत अंधार होता. मावशींनी दोरी ओढली तशी छताची फट उघडली. पितळी दुर्बीण त्यांनी हाताच्या अंदाजाने वळवली आणि तिच्या मागच्या टोकापाशी, फळीवर चिकटवलेल्या पांढऱ्या कागदावर, बशीएवढं उजेडाचं वर्तुळ येऊन बसलं. काठ आधी धूसर होता; मावशींनी एक चक्र किंचित फिरवलं आणि तो चाकूने कापल्यासारखा स्वच्छ झाला.

“हे काय?” वकीलबाईंनी विचारलं. काय आहे ते कळत होतं, तरी विचारलं.

“सूर्य.”

वर्तुळावर काळे ठिपके होते. एक मोहरीएवढा, त्याच्या मागे बारक्यांची रांग. मावशींनी टोकदार पेन्सिलीने ते एकेक करून कागदावर उतरवायला घेतले. “हे सूर्यावरचे डाग. हा मोठा आहे ना, यात आपली अख्खी पृथ्वी मावेल असं मास्तर सांगायचे.”

वकीलबाई नकळत एक पाऊल मागे सरल्या. आपण राहतो ते शहर, ते कोर्ट, आयुष्यभर मोजलेल्या सगळ्या भिंती त्या ठिपक्यात कुठे असतील, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात वर्तुळ हळूहळू फळीवरून सरकू लागलं.

“अहो, हा चालला!” मेहुण्याचे वकील बोलून गेले.

“तो कुठला चालतोय? आपणच फिरतोय,” मावशी म्हणाल्या आणि दुर्बीण केसभर पुढे सरकवली.

त्यांनी कागदावर तारीख, वेळ आणि ‘आकाश स्वच्छ’ असं लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, पण एकही ठिपका खोडलेला नाही. वकीलबाईंनी विचारलं, “हे रोज करता?”

“मास्तर होते तोवर ते करायचे, मी बघायचे. हात कापायला लागले तशी त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. ते गेल्यापासून मीच.” मास्तर म्हणजे वेधशाळेचे शेवटचे पगारी निरीक्षक. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मावशींनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत वर्षवार बांधलेले गठ्ठे होते, प्रत्येकाला सुतळी. वकीलबाई खाली फरशीवरच बसल्या आणि तासाभराचं काम चार दिवस चाललं. चार हजार तीनशे नव्वद कागद. ढगाळ दिवसांचे कागदही टाकलेले नव्हते. त्यांवर नुसतं ‘ढग’ एवढंच. भराभर उलटताना त्यांच्या लक्षात आलं की डाग वर्षावर्षाने कमी होत जातात, मग आठवडेच्या आठवडे वर्तुळ कोरंच राहतं आणि पुढे हळूहळू पुन्हा भरू लागतं. एवढा मोठा श्वास कुणीतरी घेतंय, सोडतंय, आणि आपण तो कागदांवर बघतोय, असं वाटून त्यांनी ते गठ्ठे पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतले.

एका कागदावर वेळ नेहमीपेक्षा उशिराची होती. “त्या दिवशी पहाटे आमचे हे गेले,” मावशी म्हणाल्या. “माणसं पांगेपर्यंत दुपार झाली.”

रात्री वकीलबाई जेवायला बसल्या. नवऱ्याने विचारलं, “काय मोजून आलीस?” त्यांनी आमटीतली एक मोहरी ताटाच्या काठावर ठेवली आणि ती त्याला दाखवली.

कोर्टात मेहुण्याच्या वकिलांनी अहवालावर झोड उठवली. “महाराज, ठिपके काय, कुणीही काढील! नोटीस मिळाल्यावर महिनाभरात बसून रंगवलेत हे कागद. एका झाडूवालीच्या चित्रांवर मालकी ठरवायची का?”

न्यायाधीशांनी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या. “सूर्य सगळ्यांचा एकच आहे, महाराज. याच तारखांना दुसऱ्या कुणीतरी तो पाहिलाच असेल. चिठ्ठ्या टाकून स्वच्छ आकाशाच्या वीस तारखा काढा आणि दूरच्या एखाद्या मोठ्या वेधशाळेला विचारा.”

चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. दीड महिन्याने सीलबंद पाकीट आलं. न्यायाधीशांनी ते सगळ्यांसमोर फोडलं, त्यातले कागदांच्याच मापात छापलेले फोटो आणि मावशींचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. पहिला जुळला. दुसरा, तिसरा. ठिपक्यावर ठिपका बसत होता. तीन दिवस त्या वेधशाळेकडे ढग होते. उरलेल्या सतराच्या सतरा तारखा जुळल्या. मेहुण्याचे वकीलही जागेवरून उठून काचेपाशी येऊन उभे राहिले होते.

सोबत एक पत्र होतं. न्यायाधीशांनी ते मोठ्याने वाचलं. तुमच्या एका चित्रात असा एक बारीक डाग आहे जो आमच्या नोंदीत नव्हता; फोटो भिंगाखाली पुन्हा तपासला, तर तो तिथे आहे. आम्ही दुरुस्ती करून घेतली आहे. आमच्याकडे ढग असलेल्या दिवसांची चित्रं मिळतील का?

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मावशींना पिंजऱ्यात बोलावलं.

“बाई, तुम्हाला या कामाचा पगार कोण देत होतं?”

“कुणी नाही, साहेब.”

“मग का करत राहिलात?”

मावशी गोंधळल्या. “मास्तर रोज करायचं म्हणाले होते. बंद कर, असं सांगायला कुणी आलंच नाही.”

खरेदीखत रद्द झालं. जे काम घटनेत लिहिलं आहे ते एक दिवसही थांबलेलं नाही, सबब ही जागा निरुपयोगी ठरवून घरच्यांना देण्याचा संचालकांना अधिकार नव्हता, असं निकालात आलं. अध्यक्ष पायउतार झाले. अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. शिक्षिकाबाईंच्या नव्या मंडळाने मावशींना निरीक्षक नेमल्याचं पत्र दिलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि चांगल्या पेन्सिली तेवढ्या मागितल्या.

पुढे मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस डोळ्यांना उजेड दाखवायचा नव्हता. वकीलबाई आपणहून म्हणाल्या, “मी येते.” कोर्टाआधी रोज टेकडी चढून त्या चित्र काढायच्या आणि खालच्या खोलीत डोळे बांधून पडलेल्या मावशींना काय काय दिसलं ते सांगायच्या.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “आज काहीच नाही, मावशी. अगदी कोरा.”

मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं. “उद्या डाव्या काठावर नीट बघा. दोन आठवड्यांपूर्वी एक दांडगा उजवीकडून पलीकडे गेलाय. फिरून यायची वेळ झाली त्याची.”

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी दोरी ओढली, चक्र फिरवलं, काठ स्वच्छ केला. डावा काठ रिकामा होता. त्या वाट बघत राहिल्या. कोर्टाची वेळ टळत चालली होती, फोन वाजून थांबला, त्या हलल्या नाहीत. आणि मग अगदी कडेला, पापणीच्या केसाएवढी काळी रेघ त्यांना दिसली.

“मावशी!” त्या जिन्यावरूनच ओरडल्या. “आला! आला हो!”

“मग काढा की,” खालून आवाज आला. “वेळ लिहायला विसरू नका.”