करडाच्या अंगाला गुलाबाचा वास

शी! अजून आठवलं तरी मी नाक धरते. बकरीच्या वासाने नव्हे हो. तो माझ्या केसांत आहे, पांघरुणात आहे, त्याच्याशिवाय मला झोप लागत नाही. मला ओकारी आली ती गुलाबाच्या वासाने.

आमच्या गोबीच्या वाळवंटात वसंत म्हणजे नुसती धूळ आणि बोचरा वारा. त्यातच बकऱ्या व्यायच्या, त्यातच त्यांच्या अंगावरची मऊ लोकर विंचरून काढायची. पाठ टेकायला वेळ नाही, अशा दिवसांत माझा भाचा तुमेन शहरातून पाहुणे घेऊन आला. तो शाली विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीत आहे. सोबत एक फोटोवाला आणि एक काडीसारखी बाई. बाईने शाल पांघरून आमच्या बकऱ्यांमध्ये उभं राहायचं, एवढंच तिचं काम. मी चहा दिला, दारी आलेल्याला तो द्यावाच लागतो. बाईने वाटी ओठांना लावली आणि खाली ठेवली. चहात मीठ कशाला, असं तिचं तोंड झालं.

तुमेनने खोक्यातून एक कोरी शाल काढली.

"मावशी, आधी हात पूस. ही तुमच्यासारख्यांच्याच बकऱ्यांची बरं का!"

मी हात पुसले, शाल घेतली आणि नाकाला लावली. जन्मभर लोकर विंचरली, पण तिचं पुढे काय होतं ते पहिल्यांदाच हातात येत होतं. मऊ तर इतकी, की हाताला लागेचना. पण वास? कसलाच नाही! बकरीचा नाही, माणसाचा नाही, धुराचा नाही.

"मेलेल्या माणसाला तरी वास असतो रे," मी म्हटलं. तुमेन हसला. मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं.

त्याच सकाळी माझी पांढरी बकरी व्याली होती. पहिलटकरीण. मागच्या हिवाळ्यात बर्फाने कळप आडवा केला, त्यात तिची आई गेली, बहिणी गेल्या. त्या रक्ताची ही एक उरली आणि आता तिचं हे करडू. वारा झोंबत होता म्हणून करडाला लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या तुकड्यावर तंबूत शेगडीपाशी सुकायला ठेवलं होतं. बाहेर जाताना गोम्बोजावला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बजावलं, "म्हाताऱ्या, सुकलं की लगेच आईच्या सडाला लाव." त्याने मान हलवली. मान हलवण्यात तो कुणाला हार जायचा नाही.

मी लोखंडी फणी घेऊन विंचरायला बसले. थोड्या वेळाने पांढरीचं ओरडणं ऐकू आलं, आणि ते काही बरं वाटेना. जाऊन पाहते तर म्हाताऱ्याने करडू तिच्यापुढे धरलेलं आणि ती त्याला शिंगांनी ढकलतेय. करडू पडलं, उठलं, पुन्हा सडाकडे गेलं. पुन्हा धडक.

मी त्याला उचललं आणि तो वास आला. गुलाब!

"हे काय केलंत?"

"फोटोसाठी जरा धुतलं मावशी," तुमेन म्हणाला. "चिकट होतं गं, पिवळं पिवळं. बाईंना मळमळायला लागलं. मग त्यांनी आपलं थोडं अत्तर…"

"आणि खालचा नमदा? त्याला तरी आईचा वास असेल."

"तो फार घाण मारत होता. शेगडीत टाकला."

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. "पाहुणे आहेत," तो पुटपुटला. "नाही कसं म्हणायचं?"

"तुझ्या जिभेला काय लकवा झाला होता?"

असली किळस मला आयुष्यात आली नव्हती. आईने चाटून चाटून लावलेला वास, तेवढीच त्या जिवाची ओळख, ती यांनी साबणाने पुसून टाकली. आणि घाण म्हणे आमची!

मी करडू कोमट पाण्याने पुन्हा धुतलं. करडाला झिडकारणाऱ्या बकरीसाठी आम्ही गातो ते गाणं सुरू केलं, "च्यू, च्यू," हळू आवाजात, आईने मला शिकवलेलं. गाणं ऐकून पांढरीने कान टवकारले, पण नाक पुढे केलं आणि पुन्हा शिंग उगारलं. तिचा स्वतःचा वास करडाला लागल्याशिवाय जमणार नव्हतं. व्याल्यावर पडलेली वार तर आमच्या कुत्र्याने केव्हाच फस्त केली होती. माझा अंगरखा, आमच्या चिंध्या, सगळ्याला अख्ख्या कळपाचा वास. एवढ्यांतून तिला स्वतःचा कसा सापडावा? आणि करडू आता गार पडत चाललं होतं. तोंडात बोट घातलं तर चोखेना.

मग मला ती बिनवासाची शाल आठवली.

"मावशी, नको! अगं, केवढ्याची आहे ती!"

मी त्याला बाजूला सारलं, शाल आणली आणि पांढरीचं मागचं अंग त्या शालीने खसाखसा पुसलं. रक्त, चिकटा, मूत, सगळं. वर सडातला चीक पिळला. त्या शालीत करडाला गुंडाळून चोळलं आणि तिच्यापुढे ठेवून गात बसले. बाई "ईऽऽ" करत नाक धरून मागे सरली.

पांढरीने हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं आणि एकदम चाटायलाच लागली. मी सड करडाच्या तोंडात दिला, दोन थेंब पिळले. कितीतरी वेळाने त्याची शेपटी हलायला लागली. माझ्या डोळ्यांना धार लागली, लागू दे.

मागून कॅमेऱ्याचा टक टक आवाज आला. फोटोवाला गुडघ्यावर बसला होता, चेहरा नुसता फुललेला. तो तुमेनच्या कानाशी काहीतरी बोलला.

"मावशी," तुमेन माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते म्हणतात, फार सुंदर झालं. फक्त उजेड नीट नव्हता. करडू जरा काढून, पुसून, परत एकदा…"

मी उठले. तंबूत गेले. त्यांच्या वाट्यांत मघाचा चहा तसाच होता. आमच्यात पाहुण्यापुढचा चहा कुणी उचलत नाही, उचलला की पाहुणपण संपलं, माझ्या आजीनेही वैऱ्यापुढचा उचलला नसेल. मी तिन्ही वाट्या बाहेर आणल्या आणि त्यांच्या देखत जमिनीवर उपड्या केल्या. भाच्याचीसुद्धा.

तुमेनचं तोंड पांढरं पडलं. त्या दोघांना काही कळलं नाही, पण त्याला कळलं.

"शाल तरी दे," तो हळूच म्हणाला.

"काढून घे की."

शालीचं एक टोक करडाखाली होतं, दुसरं पांढरी शांतपणे चघळत होती. तुमेनने हात पुढे केला तशी तिने शिंग खाली घेतलं.

म्हाताऱ्याने जाऊन त्यांच्या गाडीचं दार उघडून धरलं.