बाबूभाईच्या गळ्यातला टेप

मी टेप बोलून राह्यलो. गाण्याचा नाई, मापाचा. साठ इंच लांब, रंगानं पिवळा, दोन्ही टोकाले पितळी पत्री. सिंदेवाहीच्या बस स्टँडमागं बाबूभाई टेलरचं दुकान हाय, त्याच्या गळ्यात मी बारा वर्सं लटकलो. माणूस कसा हाय हे मले जेवढं माहीत हाय, तेवढं त्याच्या बायकोलेबी नाई.

माहा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. एका डब्यात आमी शंभर भाऊ. सगळे सारखे, सगळ्याइच्या अंगावर तेच आकडे. त्र्याहत्तर साली बाबूभाईनं मले नागपूरच्या इतवारीतून आणलं. दुकानदारानं इचारलं, "कोणता देऊ?" बाबूभाई म्हणे, "कोणताबी दे, सगळे एकच." ते आयकून मले राग आला होता. पण मंग वाटलं, बरोबर हाय. आमच्यात खोट नसतेच. खोट असते ती माणसात.

आन् लय असते. माप देतानी माणूस खोटं बोलते. तोंडानं नाई, अंगानं. कालेजातले पोट्टे छाती अशी फुगवते का आता फुटन वाटते. मास्तर टाचा वर करते. म्हातारे मान ताठ करून उभे राह्यते, जसं काही फोटो निघून राह्यला. आन् आमचे राइस मिलवाले मुखरूभाऊ, ते तं दुकानाच्या पायरीवरच पोट आत घेऊन येतेत. तोंड लालबुंद, डोळे बाहेर. मी कमरेभवती गेलो का म्हणते, "किती भरली?"

बाबूभाईले याची दवा माहीत होती. तो मले ढिला धरे आन् हळूच म्हणे, "भाऊ, सरपंच काय म्हणते तुमचा?"

बस. मुखरूभाऊ सरपंचाले शिव्या द्याले तोंड उघडे, श्वास सुटे, आन् पोट धपकन माह्यावर येऊन पडे. बाबूभाई तवाच मले आवळे. "बेचाळीस."

"पाह्यलं? मांगच्या सालीबी बेचाळीसच होती," मुखरूभाऊ बाकावरच्या लोकाइले सांगे. "खाणं कमी केलं नाई, पण कंबर जागची हालली नाई."

मी मनात म्हणो, गाढवा, आकडा माहा हाय, तुहा नाई. माह्याशिवाय तुले तुहं पोटबी माहीत नाई. अशा लोकाइवर मी थुकतही नोहतो.

सन पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये हरिदासभाऊ दुकानात आला. भात संशोधन केंद्रात मजूर. वर्सानुवर्सं चिखलात वाकून धानाच्या रोपाइचा रोवणा करणारा माणूस. संगं त्याची पोरगी सत्यशीला, तिकडे धानोऱ्याजवळच्या शाळेत नवीनच मास्तरीण लागली होती. तिनं पहिल्या पगारात बापासाठी निळं सुटाचं कापड आणलं होतं. ते तिनं बाबूभाईच्या टेबलावर ठेवलं.

"बाबाले कोट शिवाचा हाय, काका. चौदा एप्रिलले घालाचा हाय. औंदा पुतळ्याले हार घालाचा मान वस्तीनं बाबाले देल्ला."

बाबूभाई म्हणे, "पोरी, एप्रिलात? त्या उन्हात तं कुत्रंबी नालीतून उठत नाई."

हरिदासभाऊ म्हणे, "गरमी मले होईन, बाबूभाई. कोटाले काय होते?"

मले हसू आलं. ज्याचे पाय जलमभर चिखलात, त्याले कोट पाह्यजे. तेबी चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हात. बाबूभाईनं मले गळ्यातून काढलं तं मी तयारीतच होतो. म्हटलं, आता हा मुखरूभाऊच्या वर छाती फुगवन.

पण माप घ्याच्या आधी तो थोडा थांबला. म्हणे, "बाबूभाई, आमच्या गावचा शिंपी माह्या बापाले हात लावत नोहता. जुनी बंडी मांगे. ती दुरूनच टाकाले लावे, तिच्यावरून नवीन कापे. बापाच्या बगला सारख्या काचत. तुमी आरामात घ्या. जिथी धराचं तिथी धरा."

बाबूभाईनं मले दोन्ही हातानं नीट पसरवलं आन् छातीभवती नेलं. हरिदासभाऊ तसाच उभा. छाती फुगवली नाई, पोट ओढलं नाई. श्वास घे, सोडे, घे, सोडे, जसं घरी खाटेवर बसला हाय. मी म्हटलं, येड्या, जरासं फुगव, कोटाचं माप हाय. याले मोठं दिसाचंबी समजत नाई.

छाती छत्तीस, पाठ सोळा, बाही तेवीस. बाबूभाईनं चिठ्ठीवर लिवलं.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाईतर पुढचं समजनार नाई. सदरे, पायजमे, शाळेचे हाफपँट बाबूभाई स्वतः कापे. माणसाचं माप माह्यानं घे आन् कापडावर खडूच्या रेघाबी माह्यानंच मारे. पण कोट कापाले त्याच्याजवळ मोठं टेबल नोहतं. म्हणून कोटाचं कापड आन् मापाची चिठ्ठी तो एसटीनं चंद्रपूरले पाठवे. तिथी त्याचा पुतण्या अयूब कोटाचा कारागीर होता. तसा सिंदेवाहीत कोट शिवणारं गिऱ्हाईकच कुठी होतं? याच्या आधीचा कोट मी नवा होतो तवाचा. तो अंगावर असा बसला होता का लोकं पाहत राह्यले होते.

अकरा एप्रिलले सांजच्या गाडीनं कोट आला. हरिदासभाऊ कामावरून हात-पाय धुवून सीधा दुकानात. बाकावर मुखरूभाऊ पान खाऊन राह्यला होता, आणखी दोघं-तिघं होते.

कोट अंगात गेला. बटन लागलं, पण असं ताणलं का सुताचं तोंड दिसे. बाह्या मनगटाच्या वर. बाबूभाई म्हणे, "हात वर करा, जसा हार घालता तसा." हरिदासभाऊनं हात उचलले. खांद्यापासून वर जाईनाच. पाठीत कापड करकरलं.

मुखरूभाऊ म्हणे, "हरिदास, कोटाले अंगाची सवय लागते. पहिल्यांदा असंच होते."

दोघं हसले. बाबूभाईचं तोंड उतरलं. बारा वर्सांत त्याचं माप चुकलं नोहतं. म्हणे, "भाऊ, माप देतानी तुमी श्वास आत घेतला असन. सगळेच घेतेत."

"मी नाई घेतला."

"मंग छत्तीस कसं भरलं? टेप काय खोटं बोलते?"

मी गळ्यातून म्हटलं, बिलकुल नाई.

हरिदासभाऊ एवढासा होऊन गेला. त्यानं हळूहळू कोट काढला, बाह्या आत घालून घडी केली आन् टेबलावर ठेवला. म्हणे, "सगळे घेत असतीन, बाबूभाई. मले घ्याचं काही कारण नोहतं." आन् चालला गेला. मांगून मुखरूभाऊ म्हणे, "राग पाहा."

मले वाटलं, बरं झालं. मापाले खोटं पाडाले निघाला होता.

बाबूभाईनं रात्रीच निरोप धाडला आन् दुसऱ्या दिवशी अयूब पहिल्या गाडीनं आला. त्याच्या गळ्यात त्याचा टेप, नवा कोरा. दोघाइची जुंपली.

"चाचा, चिठ्ठीत छत्तीस हाय, मी छत्तीसच कापला."

"तुह्या कैचीत खोट हाय."

"माह्या कैचीनं चंद्रपूरचे वकील कोट घालून फिरते. तुमचे डोळे तपासा."

"माह्या डोळ्यावर जाऊ नको, अयूब. तुह्या बापाचं लग्नाचं जाकीट मी शिवलं."

खैरुनबाई, बाबूभाईची बायको, कोपऱ्यात काजं करत बसली होती. सुई टोचून तिनं कापड बाजूले ठेवलं. म्हणे, "दोघं डोकं खाऊन राह्यले. तुमचे टेप ठेवा तं जरा एका जागी."

तिनं मले बाबूभाईच्या गळ्यातून ओढलं आन् अयूबच्या टेपापाशी टेबलावर ठेवलं. पितळी टोकाले पितळी टोक लावून अंगठ्यानं दाबलं आन् दोघाइले सरळ केलं.

दहापर्यंत आमी बरोबर चाललो. विसावर माहा आकडा थोडा पुढं गेला. तिसावर बोटभर. आन् माहा छत्तीस जिथी होता, तिथी त्या पोट्ट्याचा साडेसदतीस होता.



मी ढिला झालो होतो. बारा वर्सं. बाबूभाईले काही इचार करायचा असला का तो दोन्ही हातानं माहे टोकं खाली ओढे. मुखरूभाऊच्या पोटावर मी आवळल्या गेलो. दर गिऱ्हाइकाच्या आधी मले फटकन ताणाची त्याची सवय. कपडाच होतो मी, लोखंड नोहतो. सदऱ्यात हे कधी समजलंच नाई, काऊन का माप माह्यानंच आन् कापणं माह्यानंच. दोन्हीकडे खोट सारखीच, म्हणून सदरा बरोबर. मी साऱ्या सिंदेवाहीले खोटं म्हणत बसलो आन् एक माणूस खरा उभा राह्यला, तं त्याचं माप मी खोटं सांगितलं.

हे सांगतानी मले काही फार आनंद होऊन नाई राह्यला.

बाबूभाई स्टुलावर बसला. म्हणे, "मी त्याले चार लोकात खोटं ठरवलं."

अयूब कोट उलटा करून पाहत होता. शिलाईच्या आत त्यानं बरंच कापड दाबून ठेवलं होतं, बाहीच्या दुमडीतबी होतं. म्हणे, "उसवतो, चाचा. निघते." त्या रोजी न् तेरा तारखेच्या दुपारपर्यंत दोघं त्याच कोटावर बसून होते.

तेराच्या दुपारी सत्यशीला आली. म्हणे, "काका, बाबाले कोट नाई पाह्यजे. कापड परत द्या. बाबा धुतलेला सदरा घालून हार घालतो म्हणते. म्या किती समजावलं, पण म्हणते, जिथी खोटा ठरलो तिथला कोट अंगावर कसा घेऊ?"

बाबूभाई उठला. कोट घेतला, मले खिशात कोंबलं, अयूबचा टेप गळ्यात टाकला. बाकावर मुखरूभाऊ होताच.

"चला मुखरूभाऊ, हरिदासभाऊकडे."

"मी काऊन?"

"त्या दिवशी तुमी आयकलं होतं. आता हेबी आयका."

वस्तीत हरिदासभाऊच्या अंगणात माणसं झेंडे बांधून राह्यली होती. बाबूभाई मधात उभा राह्यला, मले खिशातून काढलं आन् सगळ्याइसमोर अयूबच्या टेपापाशी धरलं. म्हणे, "हरिदासभाऊनं श्वास घेतला नोहता. माहा टेप ढिला हाय. चूक टेपाची, म्हणजे माही. त्या दिवशी म्या यायले खोटं म्हटलं, ते चार लोकात म्हटलं, म्हणून चार लोकातच सांगून राह्यलो."

मले त्याचा लय राग आला. आपल्या हातानं माही लाज अशी उन्हात वाळत घातली.

हरिदासभाऊनं वाकून दोन्ही टेपाचे आकडे पाह्यले. मंग म्हणे, "मुखरूभाऊ, मंग तुमची बेचाळीस?"

"साडेत्रेचाळीसच्या वर," बाबूभाई म्हणे.

झेंडे बांधणारे मोठ्यानं हसले. मुखरूभाऊ म्हणे, "मी पाणी पिऊन आलो होतो त्या दिवशी." आन् झेंड्याच्या काठीची गाठ तपासाले लागला.

हरिदासभाऊनं कोट घातला. बटन लागलं. हात उचलले, पूर्ण वर गेले. सत्यशीला बापाच्या पाठीवरची एक सुरकुती हातानं सरळ करत होती, पण सुरकुती नोहतीच तिथी.

चौदा तारखेले भर दुपारी हार घातला. बाबूभाई पाहाले गेला, मी त्याच्या खिशातून टोक बाहेर काढून पाह्यलं. रस्त्याचं डांबर चपलेले चिकटत होतं. हरिदासभाऊच्या गळ्यावरून घाम वाहत होता आन् हात वर गेले, हार बरोबर जागी बसला, कोट कुठीच ओढल्या गेला नाई. मी त्याच्यात हसाले काहीतरी शोधलं. लय शोधलं. सापडलं नाई.

आता मी दुकानात खिळ्यावर हाय. बाबूभाईनं नवा टेप घेतला, दर महिन्याले तो अयूबच्या टेपापाशी लावून पाहते. मले टाकून द्याले मात्र त्याचा जीव होत नाई. बारा वर्सं गळ्यात होता म्हणते. असला रडका माणूस. मांगच्या हप्त्यात एक गिऱ्हाईक आलं, बाबूभाई चहाले गेला होता, तं त्यानं मले खिळ्यावरून काढलं आन् आपल्या पोराची उंची मोजाले लागला. पोरगं ताठ उभं, टाचा जमिनीले. आन् मी त्याले बुटकं सांगितलं.

म्हणून तुमच्यातल्या कोणाले तरी सांगून राह्यलो. सिंदेवाहीले आलात तं बस स्टँडमागं या. बाबूभाईले इचारू नका, तो हो म्हणनार नाई. टेबलावर कैची असते. मले खिळ्यावरून काढा आन् बोटाबोटाएवढे तुकडे करा, म्हणजे माह्यानं कोणाचं माप घेता येनार नाई.