कोऱ्या पानावरचा शिक्का

मित्रांनो, माझ्या तोंडाकडे बघून मला कुणी ओळखत नाही. माझ्या तोंडावरची सगळी अक्षरं उलटी आहेत. माझी ओळख पटवायची तर कागदच बघावा लागतो. मी उंबरसोंडा ग्रामपंचायतीचा जुना पितळी शिक्का. गोल चेहरा, सागवानी मूठ आणि स्वभाव जरा घमेंडी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या घमेंडीचाही वाटा आहे.

ज्या वर्षी जालना जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी माझा जन्म झाला. तोवर आमचा भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जिल्हा नवा झाला, म्हणून गावोगावी शिक्केही नवे लागले. जालन्याच्या बाजारात एक चाचा लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचे. त्यांनी मला कोरलं. अक्षरं उलटी नीट यावीत म्हणून समोर छोटा आरसा ठेवला होता. काम संपल्यावर त्यांनी माझ्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "एक हर्फ इधर का उधर नहीं. पचास साल बेफिकीर चलेगा."

पंचायतीच्या टेबलाच्या खणात मला ठेवलं तेव्हा तिथे आधीचा शिक्का पडलेला होता. चांगला धडधाकट होता, पण त्याच्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. तो मला म्हणाला, "आपण झिजून संपत नाही रे. वरती कुणी नकाशावर रेघ सरकवली की संपतो." मी तेव्हा कोवळा होतो. म्हाताऱ्याची किरकिर समजून मी दुर्लक्ष केलं. महिन्याभरात तो भंगारात गेला.

पुढची तीसेक वर्षं मी राबलो. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, रहिवासी दाखला, घरकुलाची यादी, सगळीकडे मीच. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी असो की गावात कुणाचं लग्न असो, दाखल्याला माणूस आला की खण उघडायचा आणि मला बाहेर काढलं जायचं. शिपाई कडूबा दर पंधरा दिवसांनी मला चिंचेनं घासून, धुऊन, उन्हात ठेवायचा. "पितळ हाये, लाजायला न्हाई पाह्यजे," असं तो म्हणायचा. त्याच्याइतकी माझी काळजी कुणी घेतली नाही.

बुद्धविहाराच्या मागे राहणाऱ्या चांगुणाबाई मला चांगल्या आठवतात. त्यांचा मुलगा संघपाल मास्तर व्हायला निघाला होता, त्याच्या रहिवासी दाखल्यासाठी त्या आल्या होत्या. मी कागदावर उमटलो, तर त्यांनी शाई वाळेपर्यंत तो कागद दोन्ही हातांत आडवा धरून ठेवला. "गावाचं नाव बराबर उठलं का पाह्य," त्या संघपालला म्हणाल्या. तो म्हणाला, उठलं. तेव्हा कुठे त्यांनी कागदाची घडी केली. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

चांगुणाबाईंची गावाच्या वरच्या अंगाला तीन एकर जमीन होती. होती म्हणजे त्या कसत होत्या. सरकारी कागदावर ते गायरान, म्हणजे गुरं चरायची गावाची जमीन. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे मालक दोघांनी तिथले दगड वेचून बांधाला लावले आणि ज्वारी पेरली. मालक गेले. चांगुणाबाईंनी एकटीनं तूर, कापूस, हरभरा काढून पोराला शिकवलं. ती जमीन आपल्या नावावर व्हावी एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. दर ग्रामसभेला त्या पुढच्या रांगेत बसायच्या आणि दर वेळी त्यांना उत्तर मिळायचं, पुढच्या सभेत घेऊ.

मग संगणक आला. दाखले तालुक्याहून छापून यायला लागले. पाठोपाठ शाई पोटातच असलेला एक प्लॅस्टिकचा शिक्का आला. टकाटक उमटायचा आणि स्वतःवर खूश असायचा. मी खणात पडलो, वाळलेली पेनं आणि तुटलेल्या रबरबँडांच्या सोबतीला. सहा वर्षं मला कुणी हात लावला नाही. कडूबासुद्धा चिंच विसरला. मला वाईट वाटलं हे कबूल करतो. रागही आला.

या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी गावात काहीतरी सुरू झालं. खणातून मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. गावावरून घोंघावणारं एक यंत्र फिरायचं. कडूबा सरपंच द्वारकाबाईंना सांगत होता, "ताई, जाकिटं घातलेली पोरं आल्ती. शाळंच्या भिताडावर लाल नंबर टाकून राह्यले. हापशावर टाकला, मारुतीच्या पाराला टाकला, मसनवट्याच्या वट्याला बी सोडलं न्हाई. कायचे म्हनून इचारलं तर सर्वे हाये म्हन्तेत."

द्वारकाबाई म्हणाल्या, "मला कुणी कळवलं न्हाई." त्यांनी ते ग्रामसेवक सोमेश्वर भाऊसाहेबांना विचारलं. भाऊसाहेबांकडे तीन गावं होती आणि ते कायम एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालेले असायचे. त्यांनाही कुणी कळवलं नव्हतं.

ऑगस्टच्या ग्रामसभेला भाऊसाहेब प्लॅस्टिकचा शिक्का दुसऱ्याच गावात विसरून आले. कडूबानं खण उपसला आणि मी त्याच्या हाताला लागलो. त्यानं मला सदऱ्याच्या टोकानं पुसलं. मित्रांनो, मी किती हरखलो म्हणून सांगू. शेवटी गावाला माझीच गरज पडली, असं मला वाटलं.

सभा शाळेच्या खोलीत होती. वरच्या कुठल्याशा कार्यालयाकडून एक साहेब पडदा आणि यंत्र घेऊन आले होते. त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला. शेजारचे जिल्हे जोडून एकच प्रचंड महानगर होणार होतं. पहिल्या टप्प्यात गावं, मग तालुके, पुढे शेजारच्या राज्यांतलीसुद्धा शहरं त्यात येणार होती. "तिकडचं राज्य, इकडचं राज्य, हा भेदच राहणार नाही. एकच शहर, एकच कारभार," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज गोड होता आणि ते कुणाकडेही बघत नव्हते.

कुणीतरी विचारलं, आमचं गाव कुठं आहे यात? साहेबांनी काठीचं टोक एका जांभळ्या पट्ट्यावर ठेवलं. तिथे गोदामं होणार होती. गावाचं नाव त्यावर लिहिलेलं नव्हतं.

चांगुणाबाई उभ्या राहिल्या. "मह्या तीन एकराचं काय साहेब? गायरानातल्या."

"ती शासकीय जागा आहे आजी. तिची काळजी तुम्ही करायची नाही."

त्यांना हे उत्तर चांगलं वाटलं. त्या खाली बसल्या. मी टेबलावर होतो. मला ते उत्तर चांगलं वाटलं नाही, पण शिक्क्याला कोण विचारतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ग्रामसभेला ठरलेली संख्या भरावी लागते, त्याला सगळे कोरम म्हणतात. तो कधीच भरत नाही. लोक शेतात असतात. मग सभा झाल्यावर वही घरोघर फिरते आणि माणसं आपापल्या दारात सही करतात. पानाचा वरचा भाग कोरा ठेवलेला असतो. ठराव नंतर सवडीनं लिहितात. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या दिवशीही तसंच झालं. पुन्हा यायला नको म्हणून भाऊसाहेबांनी सात पानांच्या तळाशी द्वारकाबाईंच्या सह्या घेतल्या. "भाऊसाहेब, ह्याच्यात काय लिव्हायचं हाये?" द्वारकाबाईंनी विचारलं. "विषय झालेत ना सभेत, तेच. मी लिहितो ताई." आणि त्यांनी सातही पानांवर मला दाबलं. मी छान उमटलो. ठसठशीत, गोल, एकही अक्षर न तुटता. सहा वर्षांनी शाईचा वास आला होता. वरती काही लिहिलेलं नाही हे मला दिसत होतं आणि तरी मी खुशीत होतो.

कडूबानं वही आणि मला एकाच पिशवीत घातलं आणि तो गावात निघाला. गिरणीवर सह्या झाल्या, दुकानात झाल्या. मग तो चांगुणाबाईंच्या अंगणात आला. त्या शेंगा निवडत होत्या.

"मावशी, हजेरीची सही पाह्यजे. कोरम भरंना."

"मह्या गायरानाचं घेतलंय का त्याच्यात?"

"भाऊसाहेब घेतो म्हन्ले. लिव्हायचं राह्यलंय फक्त."

त्यांनी वही मांडीवर घेतली. "वर तं कोरंच दिसून राह्यलं."

"वरचं मंग लिव्हतेत मावशी. दरसालचंच हाये."

त्यांनी पानाच्या तळाशी असलेल्या माझ्या ठशावरून एकदा बोट फिरवलं. मग पेन घेऊन सावकाश सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली ती सही होती, एकेक अक्षर सुटं. "तू आलास म्हन्जे बराबरच आसंल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कडूबाला मूठभर शेंगा दिल्या.

पुढच्या गुरुवारी तातडीचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत प्रत्येक गावाचा संमतीचा ठराव पाठवा. भाऊसाहेबांनी कपाळ चोळलं, वही उघडली आणि ते लिहायला बसले. मी अजून टेबलावरच पडून होतो. उंबरसोंडा ग्रामपंचायत विसर्जित करून गाव नियोजित महानगरात समाविष्ट करण्यास ही सभा एकमताने संमती देत आहे. गावातील संपूर्ण गायरान महानगराच्या ताब्यात देण्यास ही सभा एकमताने संमती देत आहे. तीन पानं भरली. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचा हात मध्येच थांबला होता, मी पाहिलं. पण थांबलेला हात पुन्हा चालू लागला.

कडूबानं दारातून विचारलं, "भाऊसाहेब, चांगुणाबाईचा ठराव?"

"आता तो विषय आपल्या हातात राहिला नाही कडूबा."

दिवाळीनंतर नोटिसा निघाल्या. गायरान तीस दिवसांत मोकळं करावं. खाली ग्रामपंचायतीचा शिक्का हवा होता. प्लॅस्टिकच्या शिक्क्याची स्प्रिंग तुटली होती, म्हणून पुन्हा मला काढलं. या वेळी मला शाईचा वास नको होता. पण शिक्का मागे सरत नाही मित्रांनो, ती सोय आम्हाला दिलेली नाही. चांगुणाबाईंच्या नोटिशीवर मी उमटलो.

त्या संघपालला घेऊन पंचायतीत आल्या. संघपाल आता जालन्याला शाळेत मास्तर आहे. त्यानं वही मागितली. भाऊसाहेबांनी ती पुढे सरकवली. संघपालनं ठराव मोठ्यानं वाचला.

"एकमतानं म्हन्जे? मह्या बी मतानं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"तुही सही हाये माय खाली."

त्यांनी वाकून पाहिलं. "हाव, महीच हाये." मग त्या दाराकडे वळल्या. कडूबा तिथे भिंतीला टेकून उभा होता. "कडूबा, तू वाचलं व्हतं का रे?"

"न्हाई मावशी."

"मी बी न्हाई." त्या पुन्हा वहीकडे वळल्या. मग त्यांचं बोट माझ्या ठशावर आलं. "वर कायबी न्हवतं. पर खाली गावाचा शिक्का व्हता, त्याच्याकडं पाहून सही केली म्या."

मी टेबलावर वीतभर अंतरावर होतो. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. कुणी मला घासून, वितळवून माझा तांब्या केला असता तरी चाललं असतं, असं वाटलं.

भाऊसाहेब म्हणाले, हरकत घ्यायची असेल तर अर्ज द्या, पण ऐकणारी ग्रामसभा आता राहणार नाही. महानगराचं कार्यालय कुठे होणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. संघपालनं अर्ज लिहिला. तो कुठल्या पत्त्यावर द्यायचा ती जागा त्यानं मोकळी सोडली. तीस दिवसांतले एकोणीस तेव्हाच उलटले होते. चांगुणाबाई उठल्या आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे म्हणून शेताकडे गेल्या. त्यांच्या बांधावरच्या दगडांवर आता लाल नंबर आहेत.

मित्रांनो, येत्या सोमवारी मला तालुक्याला जमा करणार आहेत. माझ्यावर दया करू नका, माझं जे व्हायचं ते होऊ दे. तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. माणूस भला आहे म्हणून, रीत जुनी आहे म्हणून, खाली गोल शिक्का आहे म्हणून सही करू नका. आधी वरचं वाचा. वाचता येत नसेल त्याला तुम्ही वाचून दाखवा. वर काहीच नसेल तर पेन खाली ठेवा आणि कोण रागावतं ते बघा. मी पितळेचा, म्हणून मला हे उशिरा कळलं.

आणि एक राहिलं. सात पानांपैकी तीनच भरली आहेत. चार पानं अजून कोरी आहेत. त्यांच्या तळाशी सरपंचांची सही आहे, गावातल्या एकाहत्तर माणसांच्या सह्या आहेत आणि मी आहे. वही सध्या भाऊसाहेबांच्या कपाटात आहे आणि कालच त्यांना वरून आणखी एक पत्र आलं आहे. घरी जाऊन विचारा, तुमच्यापैकी कुणाच्या माणसाची सही त्या पानांवर आहे का, आणि असेल तर आजच पंचायतीत जा.