दुसऱ्या पानावर नाव नसतं

जावईबापूंना रिकामं बसवत नाही. हा त्यांचा गुण आहे असं त्यांच्या घरी मानतात. यंदाच्या सुट्टीत तो गुण त्यांनी आमच्या दवाखान्यात आणला.

दवाखाना डोळ्यांचा. आतल्या एका खोलीत मोठे डॉक्टर, शेजारच्या खोलीत त्यांची मुलगी, म्हणजे धाकट्या डॉक्टर, दोघांच्या हाताखाली एक सिस्टर, आणि बाहेर काउंटरला मी. बावीस वर्षं मी इथे बसते. एवढ्या वर्षांत खुर्ची दोनदा बदलली, मी नाही. माझ्या टेबलावर एक कॉम्प्युटर आणि त्याला हातभर केबलने जोडलेला प्रिंटर. प्रिंटर आता पिवळा पडलाय, सुरू होताना कण्हतो, पण काम चोख. दोघं डॉक्टर आपापल्या खोलीतून औषधांचा कागद माझ्या कॉम्प्युटरवर पाठवायचे. मी तो उघडून छापायची आणि पेशंटच्या हातात द्यायची.

धाकट्या डॉक्टरांचे यजमान ते जावईबापू. कुठल्याशा मोठ्या कंपनीत ते लोकांना कमी वेळात काम कसं उरकावं हे शिकवतात. स्वतःचं काम त्यांनी फारच लवकर उरकलं असावं, कारण सासऱ्यांच्या दवाखान्यात येऊन बसायला त्यांच्याकडे चांगले तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी ते माझ्या पाठीशी उभे राहिले आणि बराच वेळ प्रिंटरचं निरीक्षण करत राहिले.

"मॅडम, हा नेटवर्कवर नाही?"

"नाही. इथेच असतो."

"म्हणजे डॉक्टरांना एक पान छापायचं असलं तरी तुमच्यावर अवलंबून राहायचं?"

जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी मॅडम म्हणत होतं, आणि त्याच दमात अडगळही म्हणत होतं. मी अपॉइंटमेंटची वही उघडली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यांनी आधी फुकटातला उपाय केला. माझ्याच कॉम्प्युटरवरून प्रिंटर सगळ्यांसाठी खुला केला. माझा कॉम्प्युटर चालू असला की आतूनही छापता यायचं. आता दीड वाजता मी जेवायला उठते, आणि उठताना कॉम्प्युटर बंद करते. दोन दिवस दीडच्या ठोक्याला आतलं छापणं बंद पडलं. दोन दिवस जावईबापू ह्या खोलीतून त्या खोलीत घाम पुसत फिरले, फोनवर कुणाकुणाशी इंग्रजीत बोलले. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला.

"मॅडम, तो चालूच ठेवत जा ना."

"सवय हो. हात आपोआप जातो."

हात आपोआप जात नव्हता. मी तो नेत होते.

मग डबी आली. साबणाच्या वडीएवढी, पांढरी. प्रिंटरची केबल माझ्या कॉम्प्युटरमधून उपटायची, त्या डबीत खुपसायची आणि डबी वायफायला जोडायची, की प्रिंटर सगळ्यांचा. डबीवर एक निळा दिवा होता. तो लागला तेव्हा जावईबापूंनी बायकोला, सासऱ्यांना आणि सिस्टरला बाहेर बोलावून तो दाखवला. सगळ्यांनी "वा, वा" केलं. एक दिवा लागला म्हणून एवढं कौतुक मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिलं पान धाकट्या डॉक्टरांच्या खोलीतून सुटलं. प्रिंटर कण्हला आणि कागद बाहेर आला. वरच्या कोपऱ्यात चौकटी, प्रश्नचिन्हं, उलटसुलट रेघा, आणि खाली सगळं कोरं. पाठोपाठ दुसरा तसाच, मग तिसरा. "ड्रायव्हर चुकला," जावईबापू म्हणाले आणि लॅपटॉपवर तुटून पडले. कागद येतच होते. कुठलं बटण धरून ठेवलं की तो थांबतो हे मला माहीत होतं. मी हाताची घडी घालून बसले. अडतिसाव्या पानाला त्यांनी भिंतीतला प्लगच ओढला. बाकावरच्या पेशंटांपैकी ज्यांना दिसत होतं ते हसले, मीही हसले. मला फार दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं.

पण माणूस चिकट. डबी आल्याच्या चौथ्या दिवशी दोन्ही खोल्यांतून स्वच्छ पानं निघायला लागली. आणि इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

आमचा औषधांचा कागद दोन पानी असतो. पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय आणि तपासणीचे आकडे. दुसऱ्या पानावर थेंब: कुठले, कुठल्या डोळ्यात, दिवसातून किती वेळा. दुसऱ्या पानावर नाव नसतं. ज्याने तो नमुना बनवला तो विसरला, आणि छापलेल्या गोष्टीला नाव ठेवायचं आमच्याकडे कुणाला सुचत नाही. मी कागद छापला की लाल पेनने दुसऱ्या पानाच्या माथ्यावर नाव लिहायची, 'उजवा' किंवा 'डावा' ह्या शब्दाला गोल करायची आणि दोन्ही पानं एकत्र टाचायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी करते हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या चौथ्या दिवशी संध्याकाळी जावईबापू वही घेऊन माझ्यासमोर बसले.

"मॅडम, एक शेवटचं. कागद छापून झाला की तुम्ही त्यावर आणखी काही करता का? मी यादी करतोय. काही सुटायला नको."

प्रश्न शहाणा होता. आजही मला तो शहाणाच वाटतो. बावीस वर्षांत मी काय करते हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते ह्या माणसाने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी काय करणार? मी बटण दाबते."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला त्यांनी तोंडघशी पडायला हवं होतं, सासऱ्यांच्या देखत पडायला हवं होतं, आणि मला ते खुर्चीतून न उठता बघायचं होतं. पेशंट वगैरे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, आता तुम्ही फक्त अपॉइंटमेंटचं बघा." प्रिंटर माझ्याच टेबलावर राहिला. सिस्टर आतून यायची, कागद उचलायची आणि जायची. मी तिकडे बघतसुद्धा नव्हते.

आठवडाभर काही झालं नाही. जावईबापू चहाचा कप हातात घेऊन निळ्या दिव्यासमोर उभे राहायचे आणि वेळ किती वाचला ह्याचे हिशेब सासऱ्यांना ऐकवायचे. वाचलेल्या वेळेत मोठे डॉक्टर काय करत होते, तर ते हिशेब ऐकत होते.

मग मंगळवारी सकाळी शिंपीकाका आले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान. डावा डोळा लहानपणीच गेलेला, उजव्यात काचबिंदू. दुकान, सुई, कात्री, सगळं त्या एका डोळ्यावर. बारीक अक्षर त्यांना लागत नाही, म्हणून दर खेपेला दुसरं पान मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि ते मान हलवत पाठ करायचे. ते आत धाकट्या डॉक्टरांकडे होते, त्याच वेळी मोठ्या डॉक्टरांकडे एक निवृत्त मास्तर होते, उजवा डोळा लालभडक सुजलेला. दोन्ही खोल्यांतून कागद एकदमच सुटले. शिंपीकाकांचं पहिलं पान बाहेर आलं आणि प्रिंटरमधले कागद संपले. सिस्टरने नवे कागद भरले. उरलेली तीन पानं भराभर एकावर एक येऊन पडली. एकावर मास्तरांचं नाव, दोन पानांवर कुणाचंच नाही.

सिस्टरने ती दोन पानं हातात धरली, ह्या हातात, त्या हातात. मग एक इकडे लावलं, एक तिकडे.

मी हे पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. तिने बरोबर लावली की उलटी हे एका नजरेत कळलं असतं. मी मान खाली घालून वहीत पुढच्या आठवड्याच्या तारखा लिहीत राहिले.

जाताना शिंपीकाका काउंटरशी थांबले. कागद पुढे केला. "ताई, वाचा की."

"आता सगळं आतूनच होतं, काका. सिस्टरला विचारा."

"बरं," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. सिस्टर आत गेली होती. ते थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

चार वाजता मास्तर परत आले. हातात दुसरं पान, त्यावर पेन्सिलीने दोन ठिकाणी फुल्या मारलेल्या. "औषधवाला मला विचारतो, काचबिंदू कधीपासून आहे? मला काचबिंदू कधी झाला? आणि हे अक्षर एवढं बारीक का?"

आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आत जावईबापू होते, सासरे होते, बायको होती. सगळ्यांसमोर तो कागद टेबलावर ठेवायचा, बस्स. मी उठलेसुद्धा. मग डोक्यात आलं, की मास्तरांकडे काकांचं पान आहे तर काकांकडे मास्तरांचं आहे. मास्तरांना बाहुली मोठी करायचे थेंब होते, तासातासाने. सुजलेल्या डोळ्याला ते औषध, पण काचबिंदूच्या डोळ्यात ते घालायचे नसतात, प्रेशर चढतं. एवढं बावीस वर्षं बाहेर बसूनही कळतं.

काकांना फोन लावला. उचलला नाही. मी पर्सही न घेता निघाले.

शिंपीकाका मशीनपुढे बसले होते, पण मशीन बंद होतं. तळहाताने उजवा डोळा दाबून धरला होता. मांडीवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट.

"कोण? ताई? बरं झालं आलात. हे नवीन औषध फार कडक आहे हो. शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. चारदा घातलं. डोक्यात घण पडतायत आणि दिव्याभोवती रिंगण दिसतंय."

"ते औषध तुमचं नाही," मी म्हणाले. "चला, उठा."

"माझं नाही म्हणजे?"

 मी त्यांचा दंड धरला आणि चालायला लागले. पायरी आली की सांगत होते, खड्डा आला की सांगत होते, आणि मनात जावईबापूंना शिव्या घालत होते. शिव्या निम्म्या वाटेतच संपल्या. उरलेली वाट मी नुसत्या पायऱ्या आणि खड्डे सांगत गेले.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः थेंब घातले, गोळ्या दिल्या, दर अर्ध्या तासाला डोळ्याचं प्रेशर मोजलं. सहा वाजता ते उतरलं.

"डोळा वाचला," ते म्हणाले. "थोडी नजर गेली असेल तर ते आठवड्याने कळेल."

मग त्यांनी सगळ्यांना काउंटरशी उभं केलं. शिंपीकाका बाकावर, डोळा मिटून. डॉक्टरांनी दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"दुसऱ्या पानावर नाव नसतं, हे एवढ्या वर्षांत एकालाही दिसलं नाही?"

सिस्टर रडायला लागली. धाकट्या डॉक्टर नवऱ्याकडे बघायला लागल्या. जावईबापूंचा चेहरा उतरला होता. मी आठवडाभर ज्याची वाट पाहिली होती तो हाच चेहरा.

"चूक माझी आहे, बाबा," ते म्हणाले. "हे मी बसवलं. मी नीट बघायला हवं होतं."

वही त्यांच्या हातातच होती. माझं वाक्य तिच्यात होतं, तारखेसकट असणार, असली माणसं तारीख टाकतात. त्यांनी ती उघडली नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी वही उघडून सगळ्यांसमोर वाचली असती तर मला भांडता आलं असतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "नाव मी लिहायची, लाल पेनने. ह्यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

 मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग खोलीत गेले. आतून त्यांनी काकांचा नवा कागद सोडला. प्रिंटर कण्हला, दोन पानं आली. मी दुसऱ्यावर नाव लिहिलं, 'उजवा'ला गोल केला, टाचलं आणि काकांच्या हातात दिलं.

"द्या काका, वाचून दाखवते."

त्यांनी कागद हातात फिरवला. मला परत दिला नाही.

"नको, ताई," ते म्हणाले आणि जावईबापूंचा आवाज आला होता त्या दिशेला तोंड केलं. "साहेब, तुम्ही वाचता का?"

जावईबापू बाकावर त्यांच्या शेजारी बसले. औषधांची नावं त्यांना कुठली यायला? प्रत्येक नावापाशी अडखळत होते, बोट ठेवून अक्षरं जुळवत होते, एक ओळ झाली की पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते. शिंपीकाका मान हलवत पाठ करत होते. मी टेबलाशी उभी होते. कुठेतरी चुकतील म्हणून कान टवकारून ऐकत होते. ते चुकले नाहीत.