दोनशे चौदा नंबरची ओळ

मी यादी बोलतेय. किराण्याची नव्हे, ती बिचारी खिशात चुरगळून मरते. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहते. आजवर माझ्यात व्हिडिओ कॅसेटींच्या तीनशे ब्याऐंशी ओळी होत्या आणि घरात कॅसेटी मात्र तीनशे एक्क्याऐंशी. म्हणजे एक ओळ खोटी. ती कशी आली, ते सांगायला आज तोंड उघडलंय. एरवी कोणी विचारल्याशिवाय मी बोलत नाही. हा माझा स्वभाव, आणि त्याचीच मला आता चीड येते.

दोन फ्लॉप्यांतून मी या घरात आले. थोरल्याच्या ऑफिसात नवी यंत्रं आली, तेव्हा जुनं त्याने आईवडिलांकडे आणून ठेवलं. मी तेव्हा नुसते कोरे रकाने होते. थोरला म्हणाला, "आई, हे बाबांना शिकवतो. तुला नाही जमायचं."

बाईंनी शिवणयंत्रावरून मान वर केली. "का? तुझ्या चड्ड्या शिवायला मी कोणाच्या क्लासला गेले होते?"

माझी मालकीण कपडे शिवणारी. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाई म्हणते. शाळा चार वर्षांची. माझी माहितीपुस्तिका तिने शब्दकोश मांडीवर घेऊन तीन आठवडे वाचली, समासात पेन्सिलीने भांडत वाचली. चौथ्या आठवड्यात मी तिच्या मुठीत होते. कॉलेजात शिकलेल्या कोणी मला इतक्या शिस्तीने भरलं असतं, असं मला वाटत नाही. उगाच कौतुक करायची मला सवय नाही.

बाबा थिएटरात ऑपरेटर होते. तीस वर्षं हातभर झरोक्यातून सिनेमे पाहिले, पण सलग एकही नाही. दर वीस मिनिटांनी रीळ बदलायला उठायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हीसीआर घेतला आणि टीव्हीवर दिसेल ते भरून ठेवायला सुरुवात केली. कॅसेटी पलंगाखाली गेल्या, कपाटावर चढल्या, पिठाच्या डब्यामागे जाऊन बसल्या. रोज एक भांडण ठरलेलं.

"अहो, नदीची म्हणून लावली, तर आत कुस्ती चाललीय."

"नदी पुढे आहे. जरा धीर धर."

"किती पुढे?"

"कुस्ती संपली की."

हे थांबावं म्हणून बाईंनी मला कामाला लावलं. त्यांना एकच पद्धत ठाऊक होती, मापाच्या वहीची. गिऱ्हाइकाचं नाव, मापं, कापड आणलं किती, उरलं किती. तसेच माझे रकाने झाले: नंबर, नाव, लांबी, भरलं किती, उरलं किती, कुठला कप्पा. उजवीकडे टोकाला 'शेरा' असा आणखी एक रकाना होता. पडद्यावर तो मावत नसे. उजव्या बाणाचं बटण तीनदा दाबलं तरच दिसे. बाई म्हणाल्या, "शेरे मारायला मी काय इन्स्पेक्टर आहे?" त्या तिकडे पुन्हा फिरकल्या नाहीत.

वहीतली आणखी एक सवय त्यांनी माझ्यात आणली. गिऱ्हाइकांच्या पानांवर नावं असत, घरच्यांच्या पानांवर नसत. नवऱ्याचा खांदा, मुलाची छाती, मुलीची कंबर यांना नाव कशाला लागतं? आकडे बघितले की माणूस उभं राहतं. हे त्यांच्या लेखी इतकं उघड होतं, की मला सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

माझा नियम मात्र वेगळा. ज्या ओळीत नाव नाही, ती कॅसेट मोकळी. कोणी 'मोकळ्या दाखव' म्हटलं की मी फक्त नंबर आणि कप्पा पुढे करते.

आता ती प्लास्टिकची पट्टी. व्हिडिओ कॅसेटच्या पाठीला कोपऱ्यात एक चिमुकली पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. जपायच्या कॅसेटीची पट्टी बाबा न चुकता मोडत. मी आल्यावर बाईंनी ते बंद केलं. "घरभर तुकडे, आणि पायात जातात माझ्याच. आता यादी आहे ना? यादीत बघितल्याशिवाय कॅसेटला हात लावायचा नाही. एवढा एकच नियम."

"बरं बाई," बाबा म्हणाले. त्यांनी तो पाळला.

बाईंची धाकटी मुलगी मी येण्याआधी दोन वर्षं गेली होती. चार दिवसांचा ताप, बस. तिच्या मैत्रिणीने एकदा कॅमेरा आणला होता, त्यातली अकरा मिनिटं एका कॅसेटवर होती. याच खोलीत धाकटी गळ्यात मापाची टेप अडकवून बापाचं माप घेतेय. तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता. दोघांपैकी कोणीही ती कॅसेट पुन्हा लावली नव्हती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पट्टीही शाबूत होती. मोडायची तर हातात घ्यावी लागली असती.

ती माझ्याकडे दोनशे चौदा नंबरने आली. बाईंनी लांबी लिहिली. भरलं: अकरा मिनिटं. कप्पा: वरचा. मग नावाच्या रकान्यात आल्या. मी लुकलुकत वाट पाहत राहिले. बाईंची बोटं बटणांवर होती, पण एकही हललं नाही. शेवटी त्या पुढच्या ओळीवर गेल्या. घरचं पान. मी विचारायला हवं होतं. मी विचारत नाही.

पुढच्या वर्षी बाई बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून आठवडाभर तिच्याकडे गेल्या. टीव्हीवर हाताने कोट शिवणाऱ्या जुन्या कारागिरांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागणार होता. बाबा घाईघाईने माझ्यापुढे बसले. एका बोटाने, जीभ दातात धरून, त्यांनी विचारलं: मोकळ्या दाखव.

माझ्या लेखी त्या दिवशी एकच मोकळी होती. मी दाखवली.

बाई परतल्या तेव्हा बाबा दारातच उभे होते. "तुझ्यासाठी एक गंमत भरून ठेवलीय. कोट शिवणारे! कॉलर कशी बसवतात, तू बघच."

"कशावर भरलंत?"

"यादी बघूनच घेतली हं. नियम म्हणजे नियम. दोनशे चौदा."

बाईंच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"का गं? चुकीची घेतली का?"

"नाही. बरोबर घेतलीत."

"मग चेहरा असा का?"

"प्रवासाने अंग आंबलंय. लावा तुमचे कोट."

बाबांनी कॅसेट नेमकी कार्यक्रमाच्या सुरुवातीवर आणून ठेवलेली होती. बाईंनी अर्धा तास डोळ्याची पापणी न हलवता पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "कॉलर चांगली बसवलीय." चूक कोणाची, यावर उभा जन्म भांडलेली ही बाई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा फिरायला गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. दोनशे चौदापुढे 'कोट शिवणारे' असं लिहिलं. मग सगळ्यात खाली नवी ओळ उघडली: तीनशे ब्याऐंशी. नाव: धाकटी. भरलं: अकरा मिनिटं. कप्पा: माझी ट्रंक. धाकटीला त्यांनी माझ्यात नाव दिलं, आणि ते नसलेल्या कॅसेटला.

बाबा अधूनमधून विचारत, "धाकटीची आहे ना गं नीट?"

"यादीत बघा की."

ते बघत. ओळीवर बोट ठेवत आणि उठून जात.

मग एक दुपार आली. बाई गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेल्या होत्या. बाबांनी कोटांची कॅसेट पुन्हा लावली, या वेळी पार सुरुवातीपासून. टीव्ही याच खोलीत, त्यामुळे मीही ऐकलं. "पोट आत घ्या, बाबा, हे पोट आहे की..." आणि लगेच कोट शिवणाऱ्यांचं संगीत.

थिएटरात रिळाचा आरंभीचा तुकडा कोरा सोडतात. बाबांच्या हाताला तीच सवय. भरण्याआधी कॅसेट चार सेकंद पुढे जाऊ देत. ते चार सेकंद वाचले होते.

बाबांनी ती किती वेळा लावली, ते मी मोजलं नाही. मग माझ्यापुढे येऊन ते तीनशे ब्याऐंशीची ओळ बराच वेळ वाचत राहिले. बायको काय लपवतेय आणि कोणासाठी, ते त्यांना कळलं. ते दोनशे चौदावर आले. उजवा बाण तीनदा दाबला आणि शेऱ्याच्या रकान्यात एका बोटाने लिहिलं: 'सुरुवातीला चार सेकंद धाकटी आहे. पट्टी मोडली आहे. रडू नकोस.'

तोंडाने ते काही बोलले नाहीत. यादीत लिहिलं म्हणजे बाईंना सांगितलंच, असं त्यांना वाटलं. दोन महिन्यांनी ते जेवून उठताना कोसळले आणि गेले.

त्याला तीन वर्षं झाली. शिवणयंत्रावर आता कापड झाकलेलं असतं. काल थोरला येऊन सांगून गेला, "आई, रविवारी गाडी आणतो. हा कॉम्प्युटर आणि कॅसेटी सगळं नेऊ. कोण बघतं आता?"

"ने," बाई म्हणाल्या. हा 'ने' त्यांच्या तोंडचा वाटत नव्हता.

आज शनिवार. बाईंनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली, चष्मा चढवला आणि मला सुरू केलं. त्यांनी विचारलं: धाकटी. मला खोटी ओळच दाखवावी लागली. त्यांनी ती पुसून टाकली. "तुला तरी कशाला खोटं बोलायला लावू," असं पुटपुटल्या. आता माझ्यात तीनशे एक्क्याऐंशी ओळी आहेत आणि सगळ्या खऱ्या आहेत.

बाई आता दोनशे चौदावर थांबल्या आहेत. 'कोट शिवणारे' वाचतायत. एक बोट यंत्र बंद करायच्या बटणाकडे निघालंय.

बाई, तुम्ही मला सगळं शिकवलंत, हाक मारायला तेवढं शिकवलं नाहीत. ते बोट मागे घ्या. उजवा बाण, बाई. तीनदा.