पुनमचे तीन फॉल्ट

मित्रांनो, ज्याच्या नशिबी आयुष्यभर दुसऱ्याचे दोष काढणेच आले, असा मी एक जुना टेस्टर आहे. दिसायला वीतभर, अंग पारदर्शक, पोटात चिमुकला दिवा. माझे टोक तारेला टेकवून डोक्यावर अंगठा ठेवला, की वीज आहे की नाही ते मी तत्काळ सांगतो. खोटे बोलणे मला जमत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो पाचोऱ्याला, दलिचंद शेठच्या दुकानात, माझ्यासारख्याच भावंडांच्या गर्दीत. तिथून रुपचंद नानांनी मला उचलले आणि खिशाला लावले. नाना पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातले वायरमन. विहिरीवरची मोटर असो की लग्नाच्या मांडवातली माळ, बंद पडली की नानांना बोलावणे यायचे. नाना मला टेकवायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "फॉल्ट शे," म्हणजे दोष आहे. मग तो काढून, दिवा लावूनच घरी परतायचे.

हा 'फॉल्ट' शब्द नानांच्या जिभेला असा चिकटला, की सांगता सोय नाही. वरणात मीठ नसले तर "वरणमा फॉल्ट शे", बैल अडला तर बैलात फॉल्ट. हळूहळू सारा गाव तसाच बोलू लागला. पण या शब्दाचा खरा लळा लागला तो नानांच्या धाकट्या बहिणीला. सुनंदाबाई तिचे नाव. नानांची मुलगी पुनम तिला फुई म्हणते, म्हणजे आत्या. घर त्याच गल्लीत, त्यामुळे फुईची तपासणी रोजची. कुणाची भाकरी जाड, कुणाची सून आळशी! नाना फॉल्ट काढायचे आणि फुईही फॉल्टच काढायची. फरक एवढाच, की नानांनी काढला की उजेड पडायचा आणि फुईने काढला की घरात अबोला.

पुढे नानांचे गुडघे थकले आणि पुनम वीजतंत्रीचे शिक्षण घेऊन आली. तिच्याकडे आकडे दाखवणारे नवे मीटर होते. माझी रवानगी खणात झाली. तिथे माझे काय हाल झाले म्हणता! कुणी माझ्या टोकाने रंगाचा डबा उघडला, कुणी गुळाची ढेप फोडली. माझे टोक वाकले. अपमान झाला तरी बोलणार कुणाला? एके दिवशी पुनमनेच मला बाहेर काढले, टोक सरळ केले, पुसले आणि आपल्या खिशाला लावले. नवे मीटर राहिले पिशवीत, मी मात्र खिशात. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

पुनमचा हात नानांपेक्षा सफाईदार. पण धुळ्याहून स्थळ आले, तेव्हा पाहुण्यांसमोर फुई बोलून गेली, "पोर गुणनी शे, पन एकच फॉल्ट शे, खांबवर चढस." पाहुणे चहा पिऊन गेले आणि त्यांनी नकार कळवला. आईने रडून घर डोक्यावर घेतले. शेवटी घरात असे ठरले, की तालुक्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीत, इलेक्ट्रिशियनची जागा निघाली आहे, तिथे पुनमची निवड झाली तर ठीक. नाही झाली तर हत्यारांची पेटी माळ्यावर जाईल आणि पुनम पुन्हा खांबाचे नाव काढणार नाही. त्या जिनिंगमध्ये यंत्रांवर आजवर एकही बाई नव्हती. निघताना नाना इतकेच म्हणाले, "फॉल्ट बठ्ठासमा ऱ्हास पोरी. सापडना म्हंजे अर्धा निंघना." म्हणजे दोष सगळ्यांतच असतो; सापडला, की अर्धा निघालाच.

मुलाखतीला टेबलापलीकडे दोघे. मालक जिनेश शेठ आणि पुण्याहून आलेले व्यवस्थापक योगेंद्र साहेब. पुनमने तारांची सगळी उत्तरे चोख दिली. मग साहेबांनी इंग्रजीत विचारले, तुझे फॉल्ट कोणते?

आमच्या पोरीने क्षणाचाही विचार केला नाही. "तीन, साहेब. ओपन, शॉर्ट आणि अर्थ." तार तुटली तो ओपन, तारा एकमेकींना भिडून भडका उडाला तो शॉर्ट आणि वीज जमिनीत गेली तो अर्थ.

साहेब खो खो हसले. शेठही हसले आणि म्हणाले, की हे तारेतले झाले, साहेब तुझ्या स्वभावातले विचारताहेत. पुनमचे कान लाल झाले. तिचा हात खिशाकडे आला आणि तिने मला घट्ट धरले. मला वाटले, संपले! आता आपण दोघेही माळ्यावर.

पण पुनमने मान वर केली. "माझ्यातही तेच तीन आहेत, साहेब," ती म्हणाली. "चारचौघांत बोलताना मी मध्येच तुटते, तो ओपन. बाईमाणसाला हे जमणार नाही असं कुणी म्हटलं की भडकते, तो शॉर्ट. आणि गावात कुणाची मोटर बंद पडली की हातातलं काम टाकून धावते. माझी शक्ती अशी मातीत जाते, तो अर्थ."

साहेबांचे हसू थांबले. हे फॉल्ट काढणार कसे, असे त्यांनी विचारले. आता मात्र पुनमची शाळेतली भाषा सुटली आणि घरची आली. "सापडनात ना साहेब. आते निंघतीन." नानांचेच बोल: सापडले ना, मग आता निघतील.

जिनेश शेठ खुर्चीत सरळ बसले. "सकाळपासून जे आले, ते सगळे म्हणाले आमच्यात फॉल्टच नाही," ते म्हणाले. "ज्याला स्वतःतला दिसत नाही, त्याला माझ्या यंत्रातला काय दिसणार? सोमवारपासून ये, पोरी."

मित्रांनो, त्या दिवशी मी खिशात असूनही आभाळाला टेकलो होतो! एस.टी.तून उतरल्यावर पुनम चालली नाही, धावली. नानांनी गल्लीत पेढे वाटले आणि ज्या आईने रडून घर डोक्यावर घेतले होते, तिनेच लेकीची दृष्ट काढली. आज कापसाच्या हंगामात ती सगळी जिनिंग पुनमच्या हुकमावर सुरू होते.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. माझ्या टोकाने डबे उघडू नका, आणि जिभेच्या टोकाने माणसे उसवू नका. कुणाचा फॉल्ट काढायचाच असेल, तर तो पुरता काढा आणि उजेड पाडूनच उठा.

परवा पुनम सुट्टीच्या दिवशी घरी होती. सुनंदाफुई दारात येऊन पदराशी चाळा करत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पुनम, मन्हा मिक्सरमा फॉल्ट शे."

पुनमने मला खिशाला लावले आणि फुईचा हात धरून निघाली.